रंगारी बोळाची हरकत

१ नोव्हेंबर १९७२, बुधवार

काल शाळेतून निवृत्त झाले. मुलींनी शाल-श्रीफळ दिलं आणि शिक्षकांनी ही डायरी. डायरी याच सालची आहे, म्हणजे वर्ष संपायला दोन महिने असताना दिलेली. कोणाच्या तरी कपाटात कोरी पडून असावी. मागची दहा महिन्यांची पानं रिकामी आहेत. पुढल्या साली वार खोडून तीच वापरीन.

सकाळी सवयीने साडेनऊला पातळ बदललं, चपला घातल्या आणि ओसरीत येऊन उभी राहिले. पुढे कुठे जायचं ते सुचेना. साळू मागच्या खोलीच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. म्हणाली, "आक्का, बसा की. कुटं जायाचं न्हाई आता."

साळूबाई माझी भाडेकरीण. नवरा सहादेव बाजारात हमाली करतो. पंधरा वर्षांमागे दोघं पाथर्डीकडून दुष्काळातून आली, तेव्हा लेक मुक्ता कडेवर होती. ती माझ्याच शाळेत शिकली, आता श्रीगोंद्याला दिली आहे. माझे यजमान जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. एवढ्या घरात मी एकटीच राहते, त्याची सवय झाली आहे. आता निवांत वाचन करायचं ठरवलं आहे.

९ नोव्हेंबर

राधाकृष्णशेठ आले होते. बोळाच्या तोंडाशी त्यांचं कापडाचं दुकान. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला आहे. पालिकेच्या फलकावर नकाशा लावला आहे, त्याची त्यांनी नक्कल करून आणली होती. आमच्या रंगारी बोळातून चाळीस फुटी रस्ता जातो. माझ्या घराची ओसरी, पुढची खोली आणि जिना त्यात जातो. लाल शाईची रेघ माझ्या घरावरून अशी गेली आहे की जणू मुलीने गणित चुकवलं म्हणून मीच मारलेली.

बोळात दाटी फार आहे म्हणून सावेडीच्या अंगाला नवी वसाहत होणार. दहा वर्षांहून जास्त राहणाऱ्या भाडेकरूंना तिथे दोन खोल्यांचं घर मिळेल. हरकती घ्यायला साठ दिवस आहेत.

"बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं," शेठ म्हणाले. "आपल्या सगळ्यांची हरकत तुम्हीच लिहा."

ओसरीतली प्रत्येक फरशी यजमानांनी आणि मी जाऊन निवडून आणली होती. मी होकार दिला.

१२ नोव्हेंबर

साळूला वसाहतीचं कळलं आहे. माझ्या डोक्याला तेल लावताना विचारत होती.

"आक्का, तितं नळ घरात हाय म्हंत्यात. खरं का?"

"नकाशात असतं सगळं."

"संडास बी ज्याचा त्याला?"

"तसं लिहिलंय."

तिने तेलाची वाटी सरकवली. मग म्हणाली, "म्हंजी पाठीमागच्या टोपलीच्या संडासात रांगेनं हुबं राहायला नको. मानसं खाकरत्यात, तवा लई लाज वाटती."

मी म्हटलं, तिथून बाजार तीन मैल. सहादेव पाठीवर पोती वाहून पुन्हा तीन मैल चालणार का? विडीचा कारखाना इथून दोन गल्ल्यांवर आहे. जवळपास दवाखाना नाही. वाळलेलं माळरान आहे नुसतं. साळू म्हणाली, "ते बी खरंच हाय." बोटं मात्र जरा जोरात चालवत होती.

तिच्या भल्यासाठीच सांगितलं. पंधरा वर्षांत माझा सल्ला तिला कधी बाधला नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

मारुतीच्या देवळात सभा झाली. घरमालक वीस-बावीस, भाडेकरू पायऱ्यांवर. बायकांत मी एकटीच आत बसले होते.

शेठ म्हणाले, बोळात दाटी आहे ती दुष्काळामुळे. खेड्यांतून माणसं आली आहेत, पाऊस पडला की परत जातील. मग रस्ता कशाला आणि वसाहत कशाला? प्रत्येक मालकाने सुनावणीत एवढंच सांगायचं, की आपले भाडेकरू गेल्या साल-दीड सालातले आहेत.

कुलपं दुरुस्त करणारे नबीलाल उठले. त्यांचं घर बोळाच्या शेवटाला, त्यात एक भाडेकरू. "शेठ, माझा भाडेकरू माझा बाप होता तवापासून हाय. माझ्या लग्नात त्यानं पंगत वाढली. दीड साल कसं सांगू मी?"

"तुमचंही अर्धं घर जातंय, नबीलालभाई."

"जातंय ना. रोज तेच डोक्यात हाय. पन मागच्या साली माझ्या आईला अटॅक आला तवा गाडी आत आली न्हाई. खाटेवर घालून पळालो. रस्ता पायजे का नको, मला समजंना. पन खोटं सांगून नको म्हनायचं, हे तरी समजतंय."

कोणी म्हणालं, यांना आताच फोडलं असेल कोणीतरी. नबीलाल चपला घालून निघून गेले. मला ते आवडलं नाही. म्हणजे तसं बोललेलं आवडलं नाही. पण मी काही बोलले नाही. एका माणसासाठी सगळ्या बोळाचं नुकसान करून कसं चालेल?

३ डिसेंबर

हरकत लिहून झाली. चार पानं, अकरा मुद्दे. सातव्या मुद्द्याशी दोन दिवस अडले होते. शेवटी लिहिलं: 'सदर बोळातील बहुतांश भाडेकरू हे दुष्काळामुळे आलेले असून त्यांचे वास्तव्य तात्पुरते आहे.' साळू दुष्काळामुळेच आली होती. साल लिहिलेलं नाही. वाक्य म्हणून ते खोटं ठरत नाही.

लिहिताना साळू चहा ठेवून गेली. तिला वाचता येत नाही, तरी मी कागद पालथा घातला.

२८ डिसेंबर

नळ आता दोन दिवसांआड. साळू पहाटे रांगेला बसून माझा हंडा आधी भरते, कारण माझे गुडघे. वाचनाला घेतलेलं पुस्तक तेराव्या पानावर आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जाऊ कळत नाही.

१४ जानेवारी १९७३, संक्रांत

(आजपासून सुरुवातीची कोरी पानं. वार खोडते आहे.)

साळूने तिळगूळ दिला आणि बसून राहिली. पदराशी चाळा करत म्हणाली, "आक्का, मालकाचा दाखला लागतूय म्हनं. किती सालं राह्यले त्याचा. तेवढा लिहून द्या की."

भाड्याची पावती मी कधी दिली नाही, तिने कधी मागितली नाही. रेशनकार्ड गेल्याच साली नवं झालं, जुनं जमा करून घेतलं. तिच्याजवळ दुसरा कागद नाही.

मी म्हटलं, "सहादेवला जायचंय का तिकडे?"

"त्यो म्हंतो लांब पडंल. मी म्हनलं, चालू. आजवर काय पालखीत बसून गेलो?" मग हसली. "आक्का, ह्या वयात एकदा तरी आपलं दार आपन लावून घ्यावं वाटतं."

माझ्या घरात तिला कोणी दार लावू नको म्हटलं होतं? मनाला लागलं. म्हटलं, "सुनावणी होऊ दे. मग बघू."

१८ जानेवारी, गुरुवार

सुनावणी झाली. पालिकेच्या सभागृहात गर्दी. पुढे खुर्च्यांवर आम्ही, मागे भिंतीला लागून बरीच माणसं उभी. बाजारातले हमालही होते, डोक्यावर पोत्याच्या खोळी घेतलेले. चेहरे काही दिसत नव्हते.

अधिकारी तरुण, सौम्य. मला उभं राहू दिलं नाही, बसूनच बोला म्हणाले.

"आपल्या घरात किती भाडेकरू कुटुंबं?"

"एक."

"केव्हापासून?"

शेठ माझ्या शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "या दुष्काळात आली. दीड-एक वर्ष."

"कायमची राहणारी नव्हेत?"

"नव्हेत. पाऊसपाणी झालं की गावी जातील."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं.

माझ्यानंतर नबीलाल बोलले. त्यांनी भाडेकरूची तीस वर्षं सांगितली आणि मग स्वतःच्या घराच्या भिंती वाचवा म्हणून हात जोडले. लोक हसले.

घरी येऊन दोन घास खाल्ले. आडवी झाले तर डोळा लागेना. म्हणून हे लिहिते आहे. बोळासाठी करावं लागलं.

२० जानेवारी

सकाळी हंडा भरून ओसरीच्या पायरीवर ठेवलेला होता. एरवी साळू आत मोरीपाशी आणून ठेवते. बाहेरूनच म्हणाली, "मालकीनबाई, हंडा ठिवलाय." तेव्हा राधाकृष्णशेठ बसले होते. परक्यासमोर मानाने बोलली असेल. रीत कळते तिला.

गुडघा दुखत असताना हंडा आत आणला.

५ फेब्रुवारी

साळूची प्रकृती बरी दिसत नाही. बोलत नाही फारसं. मला अजून 'मालकीनबाई'च म्हणते, कोणी नसतानाही. विचारलं, ताप आहे का? म्हणाली, "मला काय धाड भरलीय." तेल लावायलाही बऱ्याच दिवसांत आली नाही. पाण्याच्या रांगांनी माणसं चिडचिडी झाली आहेत.

आज मेथीची भाजी तिच्या उंबऱ्यात ठेवली. सांजेला वाटी घासून पुसून माझ्या पायरीवर पालथी.

१२ मार्च

पात्र भाडेकरूंची यादी लागली. बोळात त्रेसष्ट कुटुंबं, यादीत एकोणीस. नबीलालांचा भाडेकरू आहे. साळू-सहादेव नाहीत.

आणि रस्ता जिथल्या तिथे. अधिकाऱ्यांचा शेरा आहे की वाहतुकीसाठी तो हवाच. माझ्या भिंतीवर दोन माणसं येऊन लाल पट्टा मारून गेली. मी शेठकडे गेले. म्हणाले, "रस्ता व्हायला वीस वर्षं लागतील, बाई. आपलं काम तर झालं. एवढी बिऱ्हाडं तिकडं गेली असती तर आपलं गिऱ्हाईकच उठलं असतं की."

म्हणजे कापडाच्या दुकानासाठी मी सही केली.

पण लिहायला बसले आहे तर सगळं लिहावं. फलकावर साळूचं नाव नाही हे पाहिलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: बरं झालं, आता ती जायची नाही. हे का आलं कळलं नाही. तिथे उभं राहवेना, घरी आले.

१९ मार्च

सहादेव ओट्यावर दोरी वळत होता. मी म्हटलं, "यादीत चूक झाली आहे. मी बघते काय करता येईल ते."

त्याने दोरी खाली ठेवली. हा माणूस पंधरा वर्षांत माझ्याशी पंधरा वाक्यं बोलला नसेल. म्हणाला, "मी हुतो तितं, बाई. मागं हुबा. तुमाला दिसलो नसंल."

मी ओट्याच्या कडेला बसले, विचारलं,

"साळूला सांगितलंस?"

"त्याच दिशी. ती म्हनली, आक्का अशा बोलायच्याच न्हाईत, तुमी नीट आयकलं नसंल. मंग दोन दिस जेवली न्हाई."

त्याच दिवशी. म्हणजे दोन महिने तिला माहीत होतं. दोन महिने ती पहाटे रांगेला बसून माझा हंडा भरत होती.

२० मार्च

पालिकेत जाऊन खरं सांगून यावं.

२२ मार्च

शेठ म्हणतात, आता जबाब फिरवला तर सगळ्याच मालकांवर येईल. "तुम्ही मास्तरीणबाई. लोक काय म्हणतील?" आठ दिवस विचार करावा.

३० मार्च

विचार झाला नाही. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या.

७ एप्रिल

पालिकेचा शिपाई पत्र देऊन गेला. 'साळूबाई सहादेव गर्जे यांच्या अपिलात आपली साक्ष आवश्यक आहे.' तारीख दहा.

साळूने अपील केलं. कोणी लिहून दिलं? नबीलालांनी, असं कळलं. मला विचारलं असतं तर मी लिहून दिलं असतं. खरंच दिलं असतं का? आठ दिवसांचा विचार करते म्हटलं होतं, त्याला सोळा झाले.

१० एप्रिल, मंगळवार

साळू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. तिच्या हातात मुक्ताच्या शाळेतून आणलेला उतारा होता. मला ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेच्या दाखल-नोंदीचा उतारा: मुक्ता सहादेव गर्जे, इयत्ता पहिली, जून १९६१, राहणार रंगारी बोळ. 'घरमालक' या रकान्यात माझं नाव. अधिकाऱ्यांनी शाळेतून मूळ रजिस्टरच मागवून टेबलावर ठेवलं होतं.

त्यांनी पान उघडून माझ्याकडे फिरवलं. "हे अक्षर कोणाचं, सांगता येईल?"

त्या वर्षी पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. म्हटलं, "माझं."

"मग जानेवारीतला जबाब?"

शेठ दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, साळूकडेही पाहवलं नाही. "तो खोटा होता. ही दोघं सत्तावन्न सालापासून माझ्याकडे राहतात. मला ठाऊक असून मी खोटं सांगितलं."

वाटलं होतं, काही तरी होईल. रागावतील, निदान लोक तरी कुजबुजतील. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, टीपकागद दाबला आणि पान उलटलं. म्हणाले, "सही करा."

येताना साळू आणि सहादेव पुढे, मी दहा पावलं मागे. वाटभर वाटत होतं की ती थांबेल, काही तरी बोलेल. मी खरं बोलले होते, एवढ्यासाठी तरी. बोळाच्या तोंडाशी ती थांबली. मी जवळ गेले तर म्हणाली, "कागद मिळाला नसता तर बोलला असता का तुमी?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तिने मान हलवली. जणू एवढंच ऐकायचं होतं.

११ एप्रिल

हंडा पायरीवर नव्हता. रिकामी कळशी घेऊन मी रांगेला गेले. बायकांनी सरकून जागा दिली. साळू चार बायकांपुढे होती. दोघी आपापलं पाणी घेऊन आलो.

१६ फेब्रुवारी १९७४, शनिवार

दहा महिन्यांत इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत होतं, पण बसून राहवत नव्हतं. पाऊस बरा झाला. रस्त्याचं काही नाही. शेठ मला ओळख देत नाहीत.

अपील साळूच्या बाजूने लागलं होतं; आज तिचं बिऱ्हाड सावेडीला हललं. नबीलालांनी हातगाडी आणली. पंधरा-सोळा वर्षांचा संसार दोन खेपांत गेला. मागची खोली तिने शेणाने सारवून दिली. मी म्हटलं, कशाला, आता तू जाणार. म्हणाली, "घान ठिवून जाऊ का?"

जाताना ती पाया पडली. मी काही तरी आशीर्वाद दिला, कोणता ते आठवत नाही. तिला एकदा 'साळू, मला माफ कर' म्हणायचं होतं. 'पत्ता लिहून ठेव' असं म्हटलं. तिला लिहिता येत नाही.

३ मार्च

मागची खोली भाड्याने द्यायची ठरवलं. चार माणसं पाहून गेली. एकाचा आवाज मोठा, एकाला पोरं फार, एक तंबाखू थुंकतो. चौथी बाई चांगली होती. विड्या वळते म्हणाली. तिला का नाही म्हटलं, सांगता यायचं नाही.

घरात फार शांतता आहे. वाचायला उत्तम.

१४ एप्रिल, रविवार

आज सावेडीला गेले. टांग्याने निम्म्या वाटेपर्यंत, पुढे पायी. घरं सगळी सारखी. चार जणींना विचारत शोधलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकलून आत गेले, जशी तिच्या खोलीत नेहमी जात असे. साळू केस मोकळे सोडून बसली होती. दचकून उभी राहिली, पदर सावरला.

"या," म्हणाली. खुर्ची मागून आणावी लागली, शेजारणीची. चहा कपबशीतून दिला. पंधरा वर्षं मी तिच्या हातचा चहा फुलपात्रातून प्याले. घर स्वच्छ आहे. नळाला सकाळी तासभर पाणी येतं. सहादेव पहाटे चारला निघतो, पाय सुजतात. दवाखाना अजून नाही. मी जे जे म्हटलं होतं ते सगळं खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मुक्ताला दिवस गेले आहेत. तिचं बाळंतपण इथेच करणार.

आम्ही उन्हाबद्दल बोललो. मग बोलणं संपलं. मी उठले. साळू दारापर्यंत आली.

"मालकीनबाई," म्हणाली, "येक सांगू? राग मानू नका. दाराला कडी हाय आता. वाजवून येत जावा."

मला वाईट वाटायला हवं होतं, तसं वाटलंही. सडकेपर्यंत आले. टांगे उभे होते. एकाने विचारलं, "गावात का, बाई?" मी पाय टाकला आणि परत काढला. 'येत जावा' म्हणाली होती ती. इतका वेळ मला 'वाजवून' एवढंच ऐकू आलं होतं.

परत गेले. दार आता लावलेलं होतं. उन्हात उभी राहून कडी वाजवली.

"कोन हाय?"

या प्रश्नाला तिच्या दारात मी कधी उत्तर दिलं नव्हतं. बाई म्हणू, आक्का म्हणू, की मालकीण?

"मी मनकर्णा," म्हटलं. "साळूबाई, आत येऊ का? मघाशी बोलायचं होतं ते राहिलंच."

शेजारच्या बायका बघत होत्या. मी उभी राहिले. मग कडी निघाली.